एका पाण्याचे सोबती
(शाळेच्या मत्स्यपात्रासाठी मासे व पाणवनस्पती यांची निवड)

काचेच्या पात्रात मासे पाळण्याची हौस आता खेड्यांतील प्राथमिक शाळांपर्यंत पोहोचली आहे. परिसर अभ्यासाच्या दृष्टीने ती स्वागतार्हच होय. तथापि अशा पात्रांची पुढील कथा पुष्कळदा सारखीच असते. तालुक्याच्या बाजारातून रंगीत मासे आणावयाचे, निळे-तांबडे खडे व प्लॅस्टिकची पाने आत घालावयाची, आठवडाभर मुलांची झुंबड उडावयाची आणि महिना उलटण्यापूर्वी त्या रिकाम्या पेटीत खडूचे खोके ठेवावयाचे. मुले यातून काय शिकतात? मासा ही विकत आणण्याची, मरण्याची व पुन्हा विकत आणण्याची वस्तू आहे, एवढेच. असे पात्र शाळेत नसलेले बरे.

या अपयशाचे खापर बहुधा पाण्यावर किंवा मुलांच्या खोड्यांवर फुटते. खरी चूक त्याच्या आधी, निवडीच्या वेळी, झालेली असते. दुकानातील एकाच पेटीत दिसणारे मासे एकाच मुलखातले नसतात. सोनमासा मूळचा चीनमधील असून त्याला थंड पाणी मानवते. लांब पंखांचा एंजलमासा अ‍ॅमेझॉन नदीच्या उष्ण, मृदू पाण्यातला. पट्टेरी टायगर बार्ब आग्नेय आशियातील बेटांवरचा. तो एंजलमाशाचे लोंबते पंख कुरतडून त्याला जेरीस आणतो. हाच एंजलमासा मोठा झाला म्हणजे चिमुकल्या निऑन टेट्रांना गिळून टाकतो. दुकानदाराच्या पेटीत हे सर्व चार दिवस एकत्र राहतात, कारण त्यांना तेथे चारच दिवस राहावयाचे असते.

सोबत कशी जुळते याचा एक जुना व बोधप्रद दाखला आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनमधील रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने पाण्याच्या पात्रात सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा व माशांच्या उच्छ्वासातील कर्बद्विप्राणिल वायू तिने घ्यावा, अशी ही योजना. आरंभी ती उत्तम चालली. परंतु पुढे व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा वॉरिंग्टनने पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांना खाद्य झाली आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती व गोगलगाय या तिघांची ती जोडणी पुढे कित्येक पिढ्यांना मार्गदर्शक ठरली. कुजलेल्या द्रव्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू हे चौथे भागीदार मात्र वॉरिंग्टनला ठाऊक नव्हते. त्यांचा उलगडा १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने केला. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

शाळेने यातून घ्यावयाचे सूत्र असे, की पात्र म्हणजे एखाद्या एकाच पाण्याचा लहानसा तुकडा असावा. गावच्या तळ्यातील वनस्पती, त्याच तळ्यातील वाळू आणि तेथीलच मासे यांचा ऋतुमानाशी व पाण्याच्या गुणांशी मेळ पूर्वीच बसलेला असतो. देशावर काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरीचे पाणी बहुधा जड व किंचित क्षारधर्मी असते. साबणाला फेस कमी येतो तो त्यामुळेच. कोकणात जांभ्यावरून वाहणारे पाणी मृदू व जरासे आम्लधर्मी असते. देशावरच्या शाळेने कोकणातील ओढ्यातील वनस्पती आणून लावली तर ती पिवळी पडून विरते आणि गुरुजी खताचा विचार करू लागतात. वस्तुतः तिला खत नको असते, तिचे पाणी हवे असते.

परंतु येथे एक इशारा दिलाच पाहिजे. एकाच तळ्यात राहणारे सर्व जीव एकाच पात्रात राहू शकतात, असे या सूत्रावरून कोणी समजू नये. तळ्यात मरळही असते आणि तिचे भक्ष्य असलेले लहान मासेही असतात. त्यांचे तेथे जमते, कारण तळे मोठे आहे. पळावयास जागा आहे, लपावयास मुळे व दगड आहेत, आणि शंभरांतील पाच गेले तरी पंचाण्णव उरतात. काचपात्रात पळावयास जागा नसते. म्हणून निवड दोनदा करावी लागते : पहिल्यांदा पाणी एक आहे का हे पाहावयाचे, आणि नंतर त्या पाण्यातील जे जीव एकमेकांपासून पळाल्यावाचून राहू शकतात, तेवढेच घ्यावयाचे. पहिली निवड बहुतेकांच्या ध्यानात येते. दुसरी राहून जाते.

पाण्याच्या बाबतीतही वाहते व साचलेले असा भेद करणे अगत्याचे आहे. ओढ्याच्या खळखळत्या भागात दगडाला चिकटून राहणारा मल्या मासा मुलांना फार आवडतो. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा अवयव असतो व त्याच्या साहाय्याने तो प्रवाहात टिकून राहतो. पण त्याला सतत हलते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. ज्या शाळेत वीज दिवसातून काही तास जाते, तेथे हवा सोडणाऱ्या पंपावर मल्याचे प्राण सोपविणे योग्य नव्हे. गावच्या शाळेने तळ्याच्या काठचे किंवा ओढ्याच्या संथ डोहाचे पाणी हाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. तेथील मासे पंपावाचून राहू शकतात, मात्र पात्र उंच व अरुंद नसून पसरट असावे, कारण हवेतील प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातूनच आत जातो. उष्णतेने पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती कमी होते, हेही लक्षात असावे. २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो.

आता माशांकडे वळू. दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास केली. ती करताना त्याने येथील बोलीतील नावेच पुष्कळ माशांना शास्त्रीय नावे म्हणून दिली. त्यामुळे खडशी, शिंगटी, मल्या व मुरे हे शब्द थोड्या अपभ्रंशाने आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आढळतात. आपल्या कोळ्यांचे शब्द परदेशी पंडित उच्चारतात, हे मुलांना अवश्य सांगावे. स्थानिक नावे दर दहा कोसांवर बदलतात. म्हणून पुढे नावासोबत खूणही दिली आहे.

पात्रातील पाण्याचे वरचा, मधला व तळचा असे तीन मजले कल्पावेत आणि प्रत्येक मजल्यावर वेगळे कुटुंब ठेवावे. मधल्या मजल्यासाठी दांडवण उत्तम. अंग लांबट व चंदेरी, आणि बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली एक काळी रेघ, ही तिची खूण. ती थव्याने राहते; एकटी किंवा दुकटी ठेवल्यास भेदरून कोपऱ्यात बसते. म्हणून पाच-सहा एकत्र घ्याव्यात. तिच्या जोडीला अंगावर काळे ठिपके असलेली लहान खवली चालते. खवली जरा चपळ व खादाड आहे, वनस्पतींचे कोवळे शेंडे कुरतडते. पण कोणाला मारीत नाही. तळासाठी वाळूत अंग पुरून केवळ डोळे बाहेर ठेवणारी मुरी घ्यावी. तोंडाजवळच्या बारीक मिशांनी ती वाळू चाचपीत हिंडते व खाली पडलेले अन्न वेचते. तिच्यासाठी वाळू बारीक हवी. धारदार खडीने तिच्या मिशा झिजतात. ही मुरी क्वचित पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते व पुन्हा तळाशी जाते. मुलांना हे दृश्य दाखवून त्याचे कारण विचारावे. वरच्या मजल्यावर डोक्यावर चकाकणारा ठिपका व वर वळलेले तोंड असणारे छोटे मासे शोभतात. विहिरीच्या व भातखाचरांच्या पाण्यात ते पृष्ठभागालगत फिरताना दिसतात. डासांच्या अळ्या हे त्यांचे आवडते खाद्य. मात्र तोंडात मावेल ते पिल्लू ते खातात आणि उडीही मारतात. पात्रावर जाळीचे झाकण नसेल तर सकाळी ते जमिनीवर सापडतील.

कोणाला घेऊ नये, ही यादी अधिक महत्त्वाची आहे. मरळ व तिच्या जातीचे लहान मासेसुद्धा भक्षकच. शिंगटी दिवसा दगडाखाली निमूट बसते व रात्री शिकार करते. शिवाय तिचे काटे मुलांच्या हातात घुसतात. काचेसारखा आरपार दिसणारा चंदा मासा दिसावयास अगदी निरुपद्रवी. परंतु तो इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. माशांच्या कुशीवर अकारण जखमा दिसू लागल्या तर या पाहुण्यावर प्रथम संशय घ्यावा. खेकडा वनस्पती उपटतो आणि निजलेला मासा धरतो. बेडकाचे डिंभ मुले हमखास आणतात. त्यांतील मोठ्या हिरव्या बेडकाचे डिंभ मांसाहारी असतात व एकमेकांनाही खातात. डासांच्या नायनाटासाठी विहिरीत सोडलेले, सरसकट गप्पी या नावाने ओळखले जाणारे मासे आपल्या देशचे नव्हेत. त्यांतील गॅम्बुशिया हा उत्तर अमेरिकेतील मासा भारतात १९२८ साली आणला गेला. तो इतर माशांची अंडी खातो व पंख तोडतो. अळ्या खाण्याचे काम मुलांना दाखवावयाचे असल्यास त्यास वेगळ्या बरणीत ठेवावे.

किती मासे ठेवावेत? ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पात्रात काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड व वर सोडलेली जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर उरते. त्यात चार-पाच सेंटिमीटर लांबीचे दहा-बारा मासे पुरेत. लांबीच्या हिशेबाने मासे मोजण्याची एक पद्धत आहे, पण ती लहान माशांपुरतीच खरी मानावी. अडीच सेंटिमीटरचे दहा मासे आणि पंचवीस सेंटिमीटरचा एक मासा यांच्या लांबीची बेरीज सारखीच होते. परंतु लांबी दहापट झाली म्हणजे वजन सुमारे हजारपट होते. म्हणजे तो एक मासा त्या दहांच्या शंभरपट भारी, आणि त्याची घाणही पुष्कळ अधिक. चौथी-पाचवीच्या मुलांना हे मातीचे घन करून दाखविता येईल. वाळू-काचेसह हे पात्र ७० किलोच्या आसपास भरते, तेव्हा ते डुगडुगत्या बाकावर ठेवू नये.

वनस्पतींत पहिला मान हायड्रिलाचा. तळ्यात तिला शेवाळ या मोघम नावाने ओळखतात, पण खऱ्या शेवाळाला खोड-पाने नसतात आणि हायड्रिलाला पानांची वलये स्पष्ट दिसतात. ती झपाट्याने वाढते, जड पाण्यात सुखाने राहते, आणि खवलीने शेंडे खाल्ले तरी दुसऱ्या आठवड्यात भरून निघते. खादाड माशाजवळ वाढीला चपळ अशीच वनस्पती हवी. मंद वाढणारी टिकत नाही. मागच्या बाजूस वॉरिंग्टनच्याच प्रयोगातील व्हॅलिस्नेरिया लावावी. आपल्याकडील तळ्यांत व संथ नद्यांत ती आढळते. तिचे परागण पाहण्याजोगे आहे. नरफुले पाण्याखाली सुटून वर तरंगतात, मादीफूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येते आणि परागण झाल्यावर तो देठ मळसूत्रासारखा गुंडाळून फळाला खाली ओढून घेतो. पात्रात फुले येतीलच असे नाही; तळ्याच्या काठावर ती दाखविता येतात. मुळे नसलेली सेराटोफिलम तरंगत ठेवली तर पिलांना आसरा मिळतो. जलपर्णी मात्र कितीही सुंदर फुलली तरी शाळेत आणू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने आपले जलाशय कसे गिळले आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे.

आणलेल्या वनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवाव्यात. त्यांतून जळू निघतात आणि चतुराच्या अळ्याही निघतात. चतुराची अळी आपला खालचा ओठ एकदम पुढे फेकून माशाचे पिल्लू पकडते. तिला मारण्याचे कारण नाही. निराळ्या बरणीत ठेवून पंख फुटेपर्यंत मुलांना पाहू द्यावी.

पात्र भरताना घाई करू नये. आधी धुतलेली वाळू, मग पाणी व वनस्पती, आणि आठवड्याने तीन-चार मासे, असा क्रम ठेवावा. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असून क्षारधर्मी पाण्यात त्याची विषारी शक्ती वाढते. म्हणून देशावर अधिक जपावे. विनोग्राडस्कीने शोधलेले जंतू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि ते नायट्रेट वनस्पती खत म्हणून घेतात. हे जंतू वाळूवर व दगडांवर वस्ती करतात. ती भरास येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून उरलेले मासे महिन्या-दीडमहिन्याने सोडावेत. सगळे पाणी फेकून वाळू घासून धुण्याची साप्ताहिक स्वच्छता काही शाळांत उत्साहाने चालते. तीत जंतूंची वस्ती बुडते. दर आठवड्यास पावपट पाणी बदलणे पुरेसे आहे. नळाच्या पाण्यात विरंजक चूर्ण घातलेले असते, ते माशांना मारक ठरते; ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरावे. बादली प्लॅस्टिकची असावी, तांब्याचे भांडे नको. तांब्याचा अंश माशांस व गोगलगायींस बाधतो. पात्र उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीजवळ, थेट ऊन न लागेल असे ठेवावे. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत असतील तर वनस्पती फार दाटल्या असे समजावे, कारण रात्री त्याही प्राणवायू घेतात.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. वर्गात चाळीस मुले असली तर चाळीस चिमट्या पडतात, आणि बहुतेक शालेय मासे उपासाने नव्हे तर या प्रेमाने मरतात. रोज एकाच मुलाची पाळी लावावी.

मासे कोठून व केव्हा आणावेत, याचाही विचार हवा. पावसाच्या पहिल्या पुरात वलगणीचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या दिवसांत एकही मासा धरू नये. दिवाळीनंतर पाणी निवळते, तोच काळ योग्य. ग्रामपंचायतीला विचारून, जाणत्या कोळ्याला बरोबर घेऊन शिक्षकाने स्वतः हातजाळ्याने मासे घ्यावेत. मुलांना काठावरच उभे करावे. काही डोह देवाचे म्हणून राखलेले असतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथे देवीच्या श्रद्धेने मोठमोठे खडशी जातीचे मासे आजवर सुरक्षित राहिले आहेत. अशा डोहातून पात्रासाठी काही घेणे म्हणजे गावाचे राखलेले धन मोडणे होय. कासच्या पठारावरील वायतुऱ्यासारखी दुर्मिळ वनस्पतीही जागेवरच पाहावी. कासव कोणी आणून दिले तर ते घेऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडील तळ्यांतले कासव बाळगणे हा गुन्हा आहे.

शेवटी उन्हाळी सुटीचा प्रश्न उरतो. विकत आणलेला मासा वा वनस्पती कोणत्याही विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये, कितीही दया आली तरी. भारतात १९५२ साली आणलेला तिलापिया आज असंख्य जलाशयांत पसरून देशी माशांची जागा अडवून बसला आहे. काच स्वच्छ ठेवतो म्हणून शोभेच्या पेटीत ठेवला जाणारा सकर मासा उजनीच्या जलाशयात कोळ्यांची जाळी फाडू लागला आहे. हे दोन्ही दिशांनी घडते : आपली साधी हायड्रिला १९५० नंतरच्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून आशियाबाहेर फ्लॉरिडात पोहोचली व तेथील तळ्यांचे महागडे तण बनली. ज्या पात्रात विकतचे काहीच कधी आले नाही व ज्यातील मासे निरोगी आहेत, तेवढ्याच पात्रातील मासे एप्रिलच्या आरंभी, ज्या डोहातून आणले त्याच डोहात, त्यात पुरेसे पाणी असल्यास, परत सोडावेत. डोह आटला असेल किंवा मनात थोडीही शंका असेल तर पात्र शाळेजवळच्या एखाद्या जबाबदार घरी जूनपर्यंत ठेवावे आणि कोणत्या दिवशी किती खाद्य द्यावयाचे ते मुलांकडून कागदावर लिहवून घेऊन पात्राच्या काचेला डकवावे. परत सोडल्यास उरलेल्या वनस्पती खतखड्ड्यात टाकाव्यात आणि वाळू धुऊन, कडक उन्हात वाळवून, गोणपाटात बांधून ठेवावी.